न्हाणीघरातील ज्योत

घरात काही बिघडले म्हणजे दुसऱ्याला बोलावण्यापूर्वी स्वतः हात घालून पाहावे, ही माझी जुनी खोड आहे. ती वाईट आहे असे मला अजूनही वाटत नाही. परंतु गेल्या पावसाळ्यात या खोडीपायी आमच्या घरावर जो प्रसंग येता येता टळला, तो मनात ठेवून स्वस्थ बसणे मला बरे वाटेना. आज आपल्यापैकी अनेकांच्या न्हाणीघरात गॅसचा गिझर असतो, आणि आज ना उद्या तो पेटेनासा होतोच. म्हणून ही घरगुती हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमचे घर पेडणे तालुक्यातील एका वाड्यावर आहे. आईच्या वेळी आमची न्हाणी घराच्या मागील बाजूस होती. चुलीवर तांब्याचे भाण कायमचे बसवलेले असे आणि नारळाची सोडणे, करवंट्या, वाळलेली चुडते यांवर ते पहाटेपासून तापत असे. धूर कौलांच्या फटींतून बाहेर जाई आणि थोडा आत राहून डोळ्यांत पाणी आणी. आम्ही मुले कुरकुर केली की आई म्हणे, “धूर दिसतो तो बरा, बाबांनो. डोळ्यांना झोंबला की माणूस आपणहून बाहेर येतो.” तिच्या या बोलण्यात काही अर्थ आहे, हे कळायला मला साठी उलटावी लागली.

बारा वर्षांपूर्वी घराची डागडुजी केली, तेव्हा जुनी न्हाणी पाडून घरातच नवे न्हाणीघर बांधले. भिंतींना गुळगुळीत फरशी, घट्ट बसणारे दार, काचेच्या पट्ट्यांची एक खिडकी, असा सारा नवा थाट होता. पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. म्हणून विजेचा गिझर न घेता गॅसचा घेतला आणि तो न्हाणीघरातच भिंतीवर टांगला. नळ सोडला की टिक्-टिक् असा आवाज व्हावा, पाठोपाठ फुस् करून निळी ज्योत लागावी आणि क्षणात ऊन पाणी यावे. सरपण आणणे नको की भाण घासणे नको. माझ्या पत्नीला तर या यंत्राचे फार कौतुक होते.

गेल्या वर्षी जूनच्या आरंभी पश्चिमेचा वारा सुटला आणि पावसाची झड खिडकीतून थेट आत येऊ लागली. फरशी ओली राही आणि वाऱ्याने गिझरची ज्योतही फडफडे. मी शिडी लावली, खिडकीला बाहेरून जाड प्लॅस्टिकचा कागद ताणून ठोकला आणि एक काम हातावेगळे झाले म्हणून समाधानाने खाली उतरलो. त्यानंतर तो कागद मी साफ विसरलो.

जुलैमध्ये एके सकाळी नळ सोडला, तो पाणी गारच आले. टिक्-टिक् आवाजही नाही. आता आमच्यासारख्या गृहस्थाने अशा वेळी काय पाहावे ते क्रमाने सांगतो. कारण या यंत्राची रचना एकदा समजली की निम्मी भीती जाते.

या गिझरला विजेची तार नसते. ठिणगी पाडण्यासाठी त्याच्या तळाशी दोन मोठे सेल बसवलेले असतात. बॅटरीत घालतो तसलेच. आवाजच येत नसेल तर पहिला संशय सेलांवर घ्यावा. मी डबी उघडली. आमच्याकडील पावसाळी दमट हवेत सेल पाझरले होते आणि पितळी पत्र्यांवर पांढरी खरपड धरली होती. ती बारीक पॉलिश-कागदाने घासून काढली, नवे सेल दिशा पाहून बसवले, आणि टिक्-टिक् सुरू झाली. तरी ती अधूनमधूनच होई. नळ पूर्ण सोडला तर होई, थोडा कमी केला की थांबे.

दुसरा संशय पाण्यावर घ्यावा. या यंत्रात पाण्याच्या वाटेवर रबराचा एक पडदा असतो. पाणी पुरेशा जोराने आले की तो पडदा फुगतो, एका दांडीला ढकलतो आणि ती दांडी बारीकशी कळ दाबते. तेव्हाच ठिणगी पडते आणि गॅसची वाट उघडते. पाण्याला जोर नसेल तर ज्योत लागू नये, म्हणजे कोरडी नळी तापून फुटू नये, अशी ही योजना आहे. म्हणून टाकी फार खाली असली, टाकीत पाणी थोडे असले किंवा नळीत गाळ साचला, तर यंत्र निर्दोष असूनही पेटत नाही. आमच्या भागात चांदेलच्या प्रकल्पाचे पाणी येते. ते शुद्ध करूनच येते. पण आमची छपरावरची टाकी कित्येक महिन्यांत धुतलेली नव्हती. गिझरमध्ये पाणी शिरते तेथील बारीक जाळी काढून पाहिली तर तिच्यावर तांबड्या गाळाचा थर. जुन्या दातघासणीने ती धुतली, टाकीही धुऊन काढली आणि ज्योत पूर्वीसारखी तडक लागू लागली. त्या दिवशी मी घरात जरा ऐटीतच वावरलो, हे कबूल केले पाहिजे.

तिसरी गोष्ट गॅसची. टिक्-टिक् होते पण ज्योत लागत नाही, असे असेल तर सिलिंडर संपला आहे काय, रेग्युलेटर चालू आहे काय, नळी कोठे मुडपली आहे काय, हे पाहावे. नवा सिलिंडर जोडल्यावर नळीत हवा असते. त्यामुळे पहिल्या एक-दोन वेळा ज्योत न लागणे स्वाभाविक आहे. मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ज्योत लागत नाही म्हणून नळ पुनःपुन्हा सोडून ठिणग्या पाडीत बसू नये. हा गॅस हवेहून जड असतो. यातील प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट आणि ब्यूटेन सुमारे दुप्पट जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. दोन-तीन प्रयत्नांत ज्योत लागली नाही तर गॅस बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्या आणि वास गेल्यावरच पुन्हा पाहावे. गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. हा वास आला तर विजेची कोणतीही कळ दाबू नये आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

असो. आमची ज्योत लागू लागली खरी. पण आठ-दहा दिवसांत एक नवेच विघ्न उभे राहिले. माझी पत्नी आंघोळीला गेली की दहाएक मिनिटांत ज्योत विझे. ती आतून हाक मारी, “अहो, पुन्हा गेली!” मी जाई, दार उघडे ठेवून नळ सोडी, आणि ज्योत झकास लागे. पाच मिनिटे, दहा मिनिटे, विझण्याचे नाव नाही. मी पाहत असताना यंत्र शहाण्यासारखे वागे आणि ती आत गेली की हट्ट करी. मी तिला म्हणालो, “तू नळ बारीक करीत असशील.” ती म्हणाली, “मी हातही लावीत नाही.” मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. आता ते आठवले की मन खजील होते.

याच सुमारास तिचे डोके दुखू लागले होते. आंघोळ करून आली की कपाळ धरून बसे. दुपारपर्यंत बरे वाटे. कधी मळमळे. पावसाळी हवा, सर्दी, वाढते वय, अशी कारणे आम्ही आपसांत ठरवून टाकली. माझे मात्र काही दुखत नव्हते, कारण मी दोन तांबे अंगावर घेऊन तीन मिनिटांत बाहेर येणारा मनुष्य. एका शनिवारी ती अर्ध्या आंघोळीतून कशीबशी लुगडे गुंडाळून बाहेर आली आणि उंबऱ्यावरच बसली. पायांत बळ नाही म्हणाली. कोविडच्या काळात घेतलेले बोटाला लावायचे यंत्र घरात होते, ते मी आणून लावले. आकडा अठ्ठ्याण्णव. “प्राणवायू उत्तम आहे, काळजी नको,” असे मी तिला सांगितले, आले घातलेला चहा करून दिला आणि पुन्हा गिझरकडे वळलो. ज्योत विझली होती. माझे सारे लक्ष त्या विझलेल्या ज्योतीकडे होते. उंबऱ्यावर बसलेल्या माणसाकडे नव्हते.

गिझरमध्ये ज्योतीपाशी एक बारीक दांडी असते. ज्योत आहे की नाही हे ती ओळखते, आणि ज्योत नसेल तर क्षणात गॅस बंद करते. ही दांडीच खोटी खबर देत असावी, असा मी तर्क केला आणि तिची तार परभारे जोडून तिला निकामी करावे असा बेत केला. पाना-पकड काढून ठेवली. पण तारेचा रंग समजेना, म्हणून डिचोलीला राहणाऱ्या भाच्याला फोन केला. तो आयटीआयमध्ये शिकलेला आहे आणि असली कामे करतो. “मामा, काही जोडू नका, मी उद्या येतो,” असे तो म्हणाला.

रविवारी तो आला. यंत्राचे झाकण उघडण्यापूर्वी त्याने मला एकच प्रश्न विचारला. “ज्योत विझते तेव्हा न्हाणीघराचे दार बंद असते की उघडे?”

मी म्हणालो, “बंद. आंघोळ उघड्या दाराने कोण करतो?”

त्याने वर पाहिले. खिडकीवरचा कागद पाहिला. मग स्वयंपाकघराकडे वळून मोठ्याने विचारले, “मामी, तुमचे डोके दुखते काय हो?”

ती म्हणाली, “दुखते ना रे. तुला कोणी सांगितले?”

भाचा काही बोलला नाही. बाहेर जाऊन त्याने तो कागद फाडून काढला आणि परत येऊन मला म्हणाला, “मामा, दांडीत काही बिघाड नाही. खोलीत हवा उरली नाही म्हणून ज्योत विझते आहे. ती दांडी तुम्ही काल निकामी केली असती तर विझलेल्या ज्योतीतून गॅस सुटत राहिला असता.”

नंतर मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला, तो वाचकांनीही करून पाहावा. एक किलो गॅस पुरता जळायला सुमारे बारा घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा घरगुती गिझर पूर्ण जोराने चालला तर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. आमचे न्हाणीघर पाच फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच, म्हणजे सुमारे पावणेसात घनमीटरचे. दहा मिनिटांत त्यातील जवळजवळ चौथा हिस्सा हवेचा प्राणवायू ती ज्योत खाऊन टाकी. हवेत प्राणवायू शेकडा एकवीस असतो. तो सोळा-सतराच्या आसपास उतरला की ज्योतीला तग धरवत नाही. मी दार उघडे ठेवून तपासणी करी, म्हणून माझ्यापुढे ती कधीच विझली नाही. पत्नी खरे सांगत होती.

परंतु ज्योत विझणे ही यातली लहान गोष्ट. विझण्यापूर्वी तिला प्राणवायू अपुरा पडू लागतो, तेव्हा गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबतही नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू अंगभर पोचवायचा, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. डोके दुखते, मळमळते, पाय लुळे पडतात. पुढे मनुष्य शुद्ध हरपतो आणि दार उघडायलाही उठू शकत नाही. बोटाला लावायच्या साध्या यंत्राला तर या विषाने भरलेले रक्त आणि प्राणवायूने भरलेले रक्त यांतला भेद कळतच नाही. दोन्ही त्याला लालच दिसतात. आमच्या ‘अठ्ठ्याण्णव’ला काडीचाही अर्थ नव्हता. हे दवाखान्यातील डॉक्टरांनी आम्हांला समजावून सांगितले तेव्हा माझ्या हाताला घाम सुटला.

मोकळ्या हवेत हे विष रक्तातून निम्मे उतरायला चार-पाच तास लागतात. दवाखान्यात शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तास पुरतो. पत्नीला दुपारपर्यंत बरे का वाटे, त्याचाही उलगडा झाला. म्हणून असा प्रसंग कोणावर आल्यास चहा करीत बसू नये. दारे उघडून त्या माणसाला आधी मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आत जाणाऱ्यानेही श्वास रोखून झटपट बाहेर यावे. मदतीला गेलेला दुसरा मनुष्य तेथेच पडला, असे होऊ नये.

या गिझरचा इतिहास मी पुढे मुद्दाम वाचला. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन नावाच्या एका रंगकाम करणाऱ्या कारागिराने गॅसवर तत्काळ पाणी तापवणारे यंत्र काढले आणि आइसलँडमधील गेझिर या उष्ण कारंज्यावरून त्याला नाव दिले. तोच आपला गिझर. त्या पहिल्या यंत्राला जळलेली हवा बाहेर नेणारे धुराडेच नव्हते. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी आमच्या भिंतीवरच्या यंत्रालाही ते नव्हते. धुराडे असूनही ते तुंबले तर काय होते, याचे उदाहरण फ्रान्समधील थोर कादंबरीकार एमिल झोला यांचे आहे. १९०२ सालच्या सप्टेंबरात पॅरिसमधील आपल्या घरी, शेगडीचे धुराडे कोंदलेले असताना ते रात्री झोपले आणि सकाळी मृतावस्थेत आढळले. त्यांची पत्नी वाचली.

हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने १८१५ साली खाणकामगारांसाठी जाळीचा दिवा बनवला. खाणीतील स्फोटक वायू पेटू नये हा त्याचा मुख्य हेतू. परंतु त्या दिव्याची ज्योत मंदावली की येथील हवा श्वासाला अपुरी आहे, हेही कामगार ओळखीत. विषारी वायू ओळखण्यासाठी ते पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेत. ब्रिटनमधील खाणींत ही प्रथा १९८६ पर्यंत होती. पक्षी मलूल झाला तर खाणकामगार त्याच्यावर रागावत नसे; तो माघारी फिरे. मी मात्र माझी ज्योत मलूल झाली तेव्हा तिचेच तोंड दाबायला निघालो होतो.

तरीही येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्योत विझेल आणि आपल्याला वाचवील, या भरवशावर कोणी राहू नये. ती विझण्याच्या आधीच पुरेसे विष तयार होऊ शकते. बंद न्हाणीघरात गिझरच्या वायूने माणसे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी थंडीच्या दिवसांत वर्तमानपत्रांत येतात, आणि त्या घरांतील यंत्रे बहुधा विनातक्रार पेटत असतात. पेटत नाही त्या गिझरकडे आपण निदान पाहतो तरी. पेटतो त्याच्याकडे कोण पाहणार?

भाच्याने त्याच दिवशी गिझर न्हाणीघरातून काढला. आता तो मागच्या उघड्या पडवीत, छपराखाली पण वाऱ्यावर टांगलेला आहे आणि भिंतीतून फक्त पाण्याची नळी आत येते. सर्वांत उत्तम उपाय हाच. ज्यांना हे तूर्त शक्य नसेल त्यांनी गिझर चालू असताना खिडकी कधीही बंद करू नये, दाराच्या तळाशी व भिंतीच्या वरच्या बाजूला हवेची भोके ठेवावी, बादली आधी भरून घ्यावी आणि गिझर बंद करून, दार-खिडकी थोडा वेळ मोकळी ठेवून मगच आंघोळीला बसावे. वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून यंत्र साफ करून घ्यावे. ज्योत निळी असावी. पिवळी होऊन काजळी धरू लागली तर ती अर्धवट जळते आहे असे समजून गिझर वापरू नये. आणि ज्योत ओळखणाऱ्या त्या दांडीला माझ्यासारख्या हौशी माणसाने हात लावू नये.

पत्नीची डोकेदुखी त्या आठवड्यातच थांबली. मी तिची क्षमा मागितली. ती हसून म्हणाली, “अहो, मी नळाला हात लावीत नव्हते, एवढे मान्य केलेत ना? पुरे.” आता पहाटे ती आंघोळीला गेली की पडवीतून टिक्-टिक् आणि फुस् असा आवाज ऐकू येतो. काचेच्या पट्ट्या उघड्या असतात, पावसाची झड थोडी आत येते, फरशी ओली होते. ती पुसण्याचे काम मी आपणहून माझ्याकडे घेतले आहे.